पोरं नक्की काय वाचतायत? पहिलीच्या वर्गाच्या नोंदी, जून ते जून

सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातली एक वाडी, द्विशिक्षकी शाळा. माझ्याकडं पहिली आणि दुसरी, एकाच खोलीत. पहिलीत ११, दुसरीत ८. नोकरीला सोळा वर्षं झाली, पण बहुतेक काळ तिसरी-चौथीच वाट्याला आली. जून २०२४ला पहिली पहिल्यांदा पूर्ण वर्षासाठी हातात आली. रोजच्या वहीतल्या नोंदी इथं उतरवल्यात, फसलेल्या गोष्टींसकट. नव्यानं पहिली घेणाऱ्या कुणाचे तरी दोन महिने वाचले तर बरं.

मुलांची नावं लिहीत नाही. दप्तरं अडकवायच्या खुंट्यांवर प्रत्येकाचं एक चित्र होतं, त्याच नावानं लिहिते: भोपळा, छत्री, कुलूप, पतंग, कासव, चंद्र वगैरे.

१५ जून २०२४, शनिवार

फुगे, औक्षण, पुस्तकवाटप. अर्धा दिवस त्यातच गेला.

खुंट्यांची पट्टी लावली. सुताराला २८० रुपये, ऑइलपेंटचे छोटे डबे १५० रुपये. चित्रं काढायला माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. चित्राखाली मुलाचं नाव. पोरं स्वतःचं नाव रोज बघतील, हळूहळू ओळखतील, असा बेत. पट्टी भिंतीवर छान दिसते, सरांनी फोटोही काढला.

१९ जून

अंगणवाडीताईंनी आठ पोरं चांगली तयार करून दिलीत. गाणी येतात, रंग येतात, रांगेत बसतात. बाकी तिघं मेंढरांमागं फिरणारी, अंगणवाडीत नावापुरती.

भिंतीवरचा तक्ता नऊ जणांनी पट्टी लावून खडाखडा म्हटला. मी खूश. मग सहज 'प'वर पट्टी ठेवून कुलूपला विचारलं. तो जागचा उठला, तक्त्याजवळ गेला आणि 'क'पासून एकेक चौकोन बोटानं मोजत, पुटपुटत 'प'पर्यंत आला. तिथं पोचल्यावर म्हणाला, "प पतंगाचा!" बस थांबे मोजत यावं तसं.

'इ'च्या चौकोनात इमारत आहे. छत्रीनं वाचलं, "इ घराचा." अननसाला एकानं "फणसाचं पिल्लू" म्हटलं. इथं अननस कुणी बघितलाय?

२४ जून

ठरवलं, तक्ता उतरवायचा. सगळी मुळाक्षरं आधी, मग बाराखडी, मग शब्द, या क्रमानं दिवाळीपर्यंत पोरांच्या हाती एकही शब्द लागत नाही. थोडी अक्षरं घ्यायची, सोबत एखादं स्वरचिन्ह, आणि त्याच आठवड्यात शब्द वाचायला द्यायचे. कल्पना माझी नाही. आमच्याच जिल्ह्यात, फलटणला, डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन सुरू केलं. मराठी वाचायला कसं शिकवावं यावर तिथं वर्षानुवर्षं काम झालंय, आणि अक्षरगटांची ही वाट तिथं मळलेली आहे. घरापासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर हे सगळं असताना मी इतकी वर्षं तक्ताच बडवत होते.

माझा पहिला गट: क, म, र, ल, न आणि काना. यातून निघालेले शब्द: कान, नाक, मका, मान, रान, काम, लाल, मामा, काका, नाला. पाच अक्षरांत एवढं निघतं हे मलाही कागदावर मांडल्यावर कळलं.

कार्डांसाठी जुन्या लग्नपत्रिका. वाडीत प्रत्येक घरी गठ्ठा असतो. मागची बाजू कोरी, कागद जाड, खर्च शून्य. स्केचपेन ६० रुपये.

पहिल्याच दिवशी पतंगनं विचारलं, "मेंढी कवा लिवायची?" मी म्हटलं, "ते अवघड आहे, नंतर." ही चूक होती. पुढं लिहिते.

१ जुलै

आधी कान तयार व्हावा म्हणून टाळ्यांचा खेळ घेतला. शब्दात जितके तुकडे तितक्या टाळ्या. मी म्हटलं, "भाकरी." पोरांनी दोन टाळ्या वाजवल्या. मी तीन वाजवून दाखवल्या. पुन्हा दोन. "कोंबडी" सांगितलं तरी दोन. "घर" म्हटल्यावर एक. मी फळ्यावर 'भा क री' लिहून बोट ठेवून तीन दाखवले, आवाज चढवला, चंद्र रडकुंडीला आली.

मधल्या सुट्टीत खिचडी वाढताना दुसरीतला एक म्हणाला, "भाकरी न्हाई व्हय आज?" तेव्हा ऐकलं. तो 'भाक्री' म्हणतो. मीही तसंच म्हणते. सगळेच म्हणतात. तोंडात तुकडे दोनच आहेत, तीन आहेत ते कागदावर. पोरं ऐकून टाळ्या वाजवत होती आणि मी मनातलं लिखाण वाचून. तासभर बरोबर उत्तराला चूक म्हणत बसले.

दुसऱ्या दिवशी टाळ्या बंद केल्या. विचारलं, "पलीकडच्या टेकडीवर आबा आहेत, हाळी कशी देणार?" सगळे ओरडले, "ओऽऽ आऽऽ बाऽऽ!" मग म्हटलं, आता भाकरीला हाळी द्या. "भाऽऽ कऽऽ रीऽऽ." मिळाले तीन तुकडे. कोंबडीला हाळी, शेळीला हाळी, मक्याला हाळी. हाळी देताना माणूस शब्द ताणतो, आणि ताणला की बोलण्यात गिळलेला 'अ' बाहेर येतो. शेजारच्या वर्गातून सर बघायला आले, कुणी पडलं-बिडलं का म्हणून.

खर्च शून्य. वर्षभरात हाच खेळ सगळ्यात जास्त कामी आला.

११ जुलै

चित्रं पहिल्या आवाजाप्रमाणं डब्यांत टाकायची. 'व'च्या डब्यासाठी मी विळ्याचं चित्र ठेवलं होतं. चंद्रनं ते 'इ'मध्ये टाकलं. मी काढून 'व'मध्ये टाकलं. तिनं परत 'इ'मध्ये. मी म्हटलं, "नीट बघ." ती म्हणाली, "बगितलं की. तुमी बोला, मॅडम. इऽऽ ळाऽऽ."

घरात इळा, इहीर, इस्तूच आहे. तिचा कान शंभर टक्के बरोबर. त्या दिवसापासून नियम केला: चित्राला पोरं घरी काय म्हणतात ते आधी विचारायचं, मग डबे मांडायचे. विळ्याचं कार्ड आता 'इ'तही चालतं. पुस्तकात त्याला विळा म्हणतात आणि तेव्हा त्याचा डबा बदलतो, हे सांगितलं. पोरांना त्यात काही अवघड वाटलं नाही. दोन नावाची माणसं वाडीत पुष्कळ आहेत.

कुलूपनं बाणाचं चित्र 'ण'मध्ये टाकलं आणि बाळाचं 'ळ'मध्ये. तक्त्यानं शिकवलेलं: ण बाणाचा, ळ बाळाचा. आम्हीच पहिला आवाज ऐका म्हणतो आणि आम्हीच शेवटचा दाखवतो. ण, ळ आता शेवटच्या आवाजाच्या खेळासाठी वेगळे ठेवलेत.

२२ जुलै

बेंदूर झाला. पोरांनी मातीचे बैल आणले, शिंगं मोडलेले तीन. मोठ्या कागदावर त्यांचीच वाक्यं लिहून घेतली. ते सांगणार, मी लिहिणार. भोपळा म्हणाला, "आमचा बैल लाल हाय."

'हाय' लिहू का 'आहे'? दोन मिनिटं पेन हवेत. 'आहे' लिहिलं. मग त्यानं बोट ठेवून वाचलं: "आमचा बैल लाल हाय." बोट 'आहे'वर, तोंडात 'हाय'. म्हणजे तो शब्द वाचतच नव्हता, स्वतःचं बोलणं आठवत होता. आता नियम असा, की पोर सांगेल तसंच पहिल्यांदा लिहायचं, हायला हाय. पुस्तकी वाक्य आठवड्याभरानं खाली दुसऱ्या रंगात. सरांना हे पटलेलं नाही. "तपासणीला कुणी आलं तर काय सांगणार?" म्हणाले. मी म्हटलं, मी सांगते.

६ ऑगस्ट

दोन फजित्या.

एक, वाळूच्या ताटल्या. बोटानं अक्षर गिरवायला अकरा ताटल्या, नाल्यातली वाळू चाळून. पहिल्या तासात वाळू डोळ्यांत, केसांत, दुसरीच्या वह्यांत. त्यात पावसाळा, वाळू दमट, रेघ उमटेना. चार दिवसांत गुंडाळलं. त्यापेक्षा व्हरांड्याच्या फरशीवर ओल्या बोळ्यानं लिहिणं बरं. सुकतं, पुसावं लागत नाही.

दोन, पुस्तकांचा कोपरा. गोष्टींची ३४ छोटी पुस्तकं, स्वतःच्या पैशानं, सुमारे १,४०० रुपये. पाठीला कापडी पट्ट्या लावायला मी मैद्याची खळ शिजवली, कारण फेव्हिकॉल संपला होता. रविवारी उंदरांनी खळ खाल्ली, खळीसोबत पट्ट्या आणि पट्ट्यांसोबत सात पुस्तकं. मोरचूद घातला असता तर वाचली असती, पण जी पोरं पान उलटताना बोट जिभेला लावतात त्यांच्या पुस्तकात विष कसं घालायचं? उरलेल्या पुस्तकांना फेव्हिकॉल, आणि रात्री पत्र्याच्या पेटीत.

२० ऑगस्ट

आजची नोंद मोठी आहे आणि लिहायला नको वाटतेय.

सकाळी पोरांनी पुस्तकातलं पान फार सुंदर वाचलं. दहा जणांनी. मला वाटलं, जमलं. मग दुपारी निपुण भारतचा कागद चाळला. लहान वर्गांच्या पायाभूत वाचन-लेखन आणि गणितासाठीचं केंद्राचं हे अभियान ५ जुलै २०२१ला सुरू झालं, प्रशिक्षणात तो कागद दहा वेळा हातात आला असेल. पहिलीच्या अखेरीस मुलानं चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं वाचावीत असं त्यात आहे, आणि ती अनोळखी मजकुरातली. 'अनोळखी' हा शब्द मी आजवर वाचलाच नव्हता म्हणायचा.

तेच पान घेतलं, चित्रावर वही ठेवली. दहापैकी सहा गप्प. उरलेल्या चौघांना खालची ओळ आधी वाचायला सांगितली. त्यांनी वरचीच म्हटली.

कार्डं उलटसुलट करून शब्द केला: माक. काही अर्थ नाही, पण सगळी अक्षरं शिकलेली. सात जणांनी "काम" किंवा "मका" वाचलं. चंद्रनं वाचलं, "माऽऽ क," आणि चिडून म्हणाली, "माक म्हंजी काय? असलं काय बी नसतं!" तिला मी मिठीच मारली.

मग खुंट्यांकडं बघितलं. मधल्या सुट्टीत पट्टीवरच्या नावांच्या चिठ्ठ्या सोडवून अदलाबदल करून लावल्या, चित्रं तशीच. पोरं आली, दप्तरं अडकवली, सगळं सुरळीत. अकरांपैकी दोघंच अडखळली: चंद्र आणि छत्री. बाकी नऊ चित्राकडं बघूनच दप्तर अडकवतात. नाव दोन महिने डोळ्यांसमोर होतं आणि कुणी त्याच्याकडं बघितलंच नव्हतं. का बघतील? भोपळा आहे की एवढा मोठा.

तक्ता म्हणताना जागा वाचली, बैलाच्या वाक्यात स्वतःचं बोलणं वाचलं, पुस्तकात चित्र आणि पाठांतर. दोन महिने पोरं माझ्यासमोर वाचत होती, फक्त अक्षरं सोडून.

२१ ते २३ ऑगस्ट

चित्रांवर कागद चिकटवले, खाली फक्त नावं. पहिला दिवस गोंधळ, दोन मारामाऱ्या, एक डबा सांडला. दुसऱ्या दिवशी पोरांनी जागा पाठ केल्या. म्हणून रोज शाळा सुटल्यावर चिठ्ठ्यांची जागा बदलायला लागले. तिसऱ्या दिवशी कासव पट्टीसमोर उभा राहून स्वतःच्या नावाला हाळी देताना दिसला. मग बोट ठेवून दुसऱ्याचं नाव बघितलं, मान हलवली, पुढं सरकला.

वेळ: रोज सकाळची दहा मिनिटं. आधी मला ती वाया गेल्यासारखी वाटायची.

१० सप्टेंबर

आता प्रत्येक नव्या शब्दाला तीन गोष्टी करते. चित्र झाकायचं. क्रम मोडायचा. आणि एक खोटा शब्द मध्ये घालायचा. खोट्या शब्दांचा पोरांना नाद लागलाय. 'लान', 'रामक', 'नमा'. कुलूप घरी जाऊन आजीला 'रामक' म्हणतो म्हणे.

मेंढीचा हट्ट पुरवला. ढ नाही, अनुस्वार नाही, मात्रा नाही, तरी 'मेंढी' अख्खा शब्द म्हणून दिला. पतंगनं तो दोन दिवसांत पाटीभर लिहिला. जूनमध्येच द्यायला हवा होता. अवघड अक्षर असं पोराला काही नसतं, नको असलेला शब्द मात्र असतो.

२७ सप्टेंबर

पालकसभा. चौदा जणी, दोन बाप. कुलूपची आजी पहिल्याच मिनिटाला म्हणाली, "बाई, पलीकडच्या वाडीतलं पोरगं येबीशीडी पार शेवटपतूर लिवतंय. आमचं अजून क-म-र-लच करतंय. अ-आ-इ-ई तरी कवा व्हायची?"

"आज्जी, ते पोरगं लिहितंय ते वाचतंय का?"

"ते मला काय म्हाईत? मी आडाणी."

मी वही दाखवली, गट समजावले. कुणाला पटल्यासारखं दिसलं नाही. शेवटी कुलूपला बोलावून कार्डावर 'आजी' लिहिलं. त्यानं कधी बघितलेलं नव्हतं, ज आदल्या दिवशीच झालेला. त्यानं वाचलं. आजी गप्प झाली, मग म्हणाली, "माझं नाव लिव की." तिचं नाव जोडाक्षराचं निघालं. तिथं आमची गाडी अडली.

पण शुक्रवारी तिला गोष्ट सांगायला बोलावलं आणि ती आली. वाघरात, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळ्यात, लांडगा शिरला त्या रात्रीची गोष्ट, कुत्र्याच्या भुंकण्यासकट. अर्धा तास अकरा पोरं हलली नाहीत, दुसरीचीही नाहीत. त्यातली पाच वाक्यं पोरांनी सांगितली, मी लिहिली. सोमवारी सगळ्यांनी वाचली. आता मी शहाणी झालेय, वाक्यं कापून पट्ट्या मिसळल्या. पाच जणांना जमलं. पाच म्हणजे पाच, पण खरे पाच.

१६ ऑक्टोबर

वेलांटी. यात पंधरा दिवस गेले, त्यातला आठवडा माझ्या चुकीनं.

पहिली वेलांटी आधी घेतली, कारण तिचं नावच पहिली. दिवा, किती, दिन. ती अक्षराच्या आधी लिहायची आणि बोलायची नंतर. भोपळा 'दिवा' वाचताना आधी वेलांटीवर थांबतो, "इ… द… वा." त्याचं काय चुकलं? डावीकडून वाचा असं मीच सांगितलंय.

आठवड्यानं उलटं केलं. दुसरी वेलांटी आधी. माती, नाती, काकी, पाटी. ती अक्षराच्या मागं येते, जशी बोलतो तशी. शिवाय मराठीत शब्दाच्या शेवटची वेलांटी जवळजवळ नेहमी दीर्घच असते, 'आणि'सारखे थोडे सोडले तर. म्हणजे शब्दही भरपूर. ती पक्की झाल्यावर पहिली. सांगताना फक्त एवढंच: ही पुढं पळते, पण बोलायची पाळी हिची नंतर. भोपळा तरी अजून अडखळतो.

२५ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी, मग विधानसभेचं प्रशिक्षण, २० तारखेचं मतदान. वर्ग म्हणून हातात जवळपास काही लागलं नाही. शाळेतच केंद्र होतं, भिंतीवरचे कागद काढावे लागले, परत लावताना तीन फाटले.

पतंगचं घर मेंढरं घेऊन गेलं. कासवचं घर ऊसतोडीला. गाव सोडलेल्या पोराला जिथं जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून असतं ते शिक्षण हमी कार्ड भरून दोन्ही घरांना दिलं, पण मेंढरांचा तळ चार दिवसांनी हलतो, शाळा कुठली गाठणार? म्हणून पिशव्या केल्या: सुतळीत ओवलेली ३० कार्डं, दोन वह्या, चार पेन्सिली, एक पुस्तक. पिशवीमागं १३० रुपये. दोघांच्या वडिलांचे नंबर घेतले. शनिवारी फोन करायचा आणि पोरानं एक शब्द हाळी देऊन सांगायचा, असं ठरलं.

५ डिसेंबर

म्हसवडची रथयात्रा झाली, हजेरी निम्मी. जी आली त्यांनी पाळणा, रथ, शेव-रेवड्या लिहायला मागितल्या. सगळं दिलं.

एक नवी चोरी सापडली. दुसरीची पोरं मदतनीस म्हणून जोडीला बसवली होती. छान चाललं होतं. आज एका मदतनीसाला ताप आला, तर तिची जोडीदार एकदम मुकी. ती आजवर कार्डाकडं नाही, मदतनीसाच्या ओठांकडं बघत होती. आता मदतनीस समोर नाही, शेजारी बसतो आणि वाचून होईपर्यंत तोंड मिटून. दुसरीच्या पोराला तोंड मिटून बसवणं ही वेगळीच कसरत.

३ जानेवारी २०२५

सावित्रीबाईंची जयंती. नायगाव आमच्याच जिल्ह्यातलं. भाषणाऐवजी प्रत्येकानं स्वतःच्या आईचं नाव लिहिलं. सात जणांनी न बघता. चंद्रनं आईसोबत बहिणीचं, म्हशीचं आणि माझंही लिहिलं. माझ्या नावातला अनुस्वार विसरली. मीही दुरुस्त केला नाही.

११ फेब्रुवारी

च आणि ज. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. 'चार' जमला. पुढं काना जोडून 'चारा' दिला. कुलूपनं 'चार'मधलाच च ठेवून वाचलं आणि विचारलं, "हे काय असतं?" मेंढरांच्या गावातल्या पोराला चारा कळेना! अक्षर एक, आवाज दोन, आणि कागदावर काहीच खूण नाही. झ चंही तेच. उपाय म्हणून एवढंच शिकवलं: वाचून ओळखीचा शब्द लागला नाही तर दुसरा आवाज लावून बघ. दुसऱ्या दिवशी त्यानं 'जमीन' दोन्ही तऱ्हांनी म्हणून बघितली, एक पसंत केली. इथं मात्र अक्षरं पुरत नाहीत, शब्द डोक्यात आधी असावा लागतो. लांडग्याच्या गोष्टीचा उपयोग मला इथं कळला.

२२ फेब्रुवारी

पतंगच्या वडिलांनी फोटो पाठवला. जमिनीवर काठीनं लिहिलेलं: मेडीला कोकरु झाल. अनुस्वार नाहीत, ढ चा ड झालाय. पाठ केलेला 'मेंढी' शब्द त्यानं विसरून परत स्वतःच्या कानानं बांधलाय. फोन केला तर कळलं, अवकाळीत पिशवी भिजली, स्केचपेनची शाई फुटली, कार्डं डिसेंबरातच गेली. पुढच्या वेळी मेणाचे खडू.

कोकरू काळं आहे म्हणाला.

२४ एप्रिल

झाकलेलं चित्र, नवा मजकूर, मी स्वतः लिहिलेली पाच वाक्यं.

सहा जणांनी वाचली, समजूनही सांगितली. तिघं काना आणि दुसरी वेलांटीपर्यंतचे शब्द वाचतात, वाक्यात हरवतात. त्यात कासव आहे, तो दहा दिवसांपूर्वी परत आला. भोपळा अजून अक्षरांत आहे, वीसेक पक्की, जोडून वाचता येत नाही. त्याला लांबचं दिसत नसावं असा संशय मला मार्चमध्ये आला. तो फळ्याजवळ आला की बरा वाचतो. ऑगस्टमध्येच डोळे तपासून घ्यायला हवे होते. मी आपली वेलांटीलाच दोष देत बसले. आईला तालुक्याला घेऊन जायला सांगितलंय. पतंग अजून बाहेरच आहे.

जोडाक्षरं हातही न लावता राहिली. कुलूपच्या आजीचं नाव बाकी आहे.

एकूण खर्च ३,१०० रुपयांच्या आसपास, त्यातला निम्म्याहून कमी उपयोगी पडला.

१२ जून २०२५

सोमवारी शाळा. नवे नऊ येणार. खुंट्यांवरची चित्रं काढायचं ठरवलं. या वर्षी चित्र खडूनं, पाटीच्या तुकड्यावर, पहिले तीन आठवडेच, मग पुसायचं. जुना ऑइलपेंट पॉलिश पेपरनं घासला, दीड तास गेला. भोपळ्याला चष्मा लागलाय, तो मदतीला आला होता. पतंगही आला, उन्हानं काळा झालेला. छत्री आणि चंद्र निघाली, कासव निघाला. भोपळ्याचा केशरी रंग लाकडात मुरलाय, निघत नाही. पतंगनं त्यावर बोट ठेवून खालचं नाव वाचलं, मग शेजारचं, मग सगळी पट्टी उलट्या बाजूनं, आणि विचारलं, "माजी खुंटी कुनाला देणार?"